ईदच्या दस्तरखानासाठी घरचे कोकम सरबत : कृती, माप आणि हिशेब

ईदच्या जेवणाला पाहुणे येतात, बिर्याणी आणि मटणाची देग चढते, आणि ऐन वेळी सरबतासाठी दुकानातून लाल रंगाच्या बाटल्या आणल्या जातात. त्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. ती वाचली तर पुष्कळदा साखर, पाणी, आम्ल, रंग आणि सुगंध एवढीच नावे सापडतील. फळाचे नाव कोठेच नसेल. ज्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोकमासारखे फळ पिकते, तेथील घरांनी सणाला रंगीत पाणी विकत घ्यावे, ही व्यवहाराच्या दृष्टीनेही तोट्याची गोष्ट आहे. म्हणून या लेखात घरच्या कोकम सरबताची कृती आणि तिचा हिशेब दोन्ही मांडत आहे. माझा धंदा कापडाचा. पण माप, घट आणि उरलेला तुकडा यांचा हिशेब कापडात आणि फळात सारखाच चालतो.

मोसम आणि ईदची तारीख

कोकमाच्या ताज्या फळाला कोकणात रातांबा म्हणतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत त्याची मुख्य तोडणी एप्रिल-मे महिन्यांत होते. पाऊस सुरू झाला की झाडावरचे फळ भिजते, सडते आणि बराच माल वाया जातो. यासाठीच दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली प्रसारित केलेली 'कोकण अमृता' ही जात उपयोगी ठरली. तिची फळे पावसाआधी हाती येतात.

दुसरीकडे आपले सण चंद्राच्या वर्षाप्रमाणे येतात. ते वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. आपल्याकडे बकरी ईद २०२३ साली २९ जूनला, २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला झाली. म्हणजे ती हळूहळू रातांब्याच्या ऐन मोसमात शिरत आहे. याउलट रमजान ईद २०२५ साली ३१ मार्चला झाली आणि ती फेब्रुवारीकडे सरकत आहे. तेव्हा झाडावर पिकलेले फळ नसते. मे महिन्यात घातलेल्या सरबताची बाटलीच त्या ईदला कामाला येणार, आणि ती नऊ-दहा महिने टिकली पाहिजे. सारी कृती या एका गरजेभोवती बसवावी लागते.

लागणारे सामान

रातांबे ४ किलो, साखर ४ किलो, काचेची किंवा चिनी मातीची मोठी बरणी, कोरडा लाकडी डाव आणि गाळण्यासाठी पांढरी मलमल. तांबे, पितळ, लोखंड किंवा अॅल्युमिनियमचे भांडे अजिबात वापरू नये. कोकमाचे आम्ल धातूला लागते, चव आणि रंग बिघडतो.

मलमलीविषयी एक सूचना माझ्या धंद्यातली. दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते. ती सरबतात उतरते आणि सरबत गढूळ होते. म्हणून कापड गरम पाण्यात दोन-तीन वेळा धुऊन, उकळून, उन्हात कडक वाळवावे. रंगीत कापड कधीही घेऊ नये.

कृती

१) पूर्ण पिकलेले, गडद लाल आणि घट्ट रातांबे निवडावेत. फुटलेले किंवा डाग पडलेले बाजूला काढावेत. फळे धुऊन, पुसून पूर्ण कोरडी करावीत.

२) प्रत्येक फळाचे दोन भाग करून बिया आणि गर काढावा. उरलेल्या साली वजन कराव्यात. ४ किलो फळातून साधारण २ किलो साल मिळते. साखरेचे माप सालीच्या वजनावर धरायचे आहे, फळाच्या वजनावर नाही.

३) एक भाग साल, दोन भाग साखर हे प्रमाण. २ किलो सालीला ४ किलो साखर. बरणीच्या तळाशी साखर, तिच्यावर सालीचा थर, पुन्हा साखर, असे थर द्यावेत. सर्वांत वर साखरेचा जाड थर यावा. बरणी पाऊण भरावी.

४) बरणीच्या तोंडाला मलमल बांधून ती रोज उन्हात ठेवावी आणि संध्याकाळी आत घ्यावी. दिवसातून एकदा कोरड्या डावाने तळापासून ढवळावे. साखर सालीतील रस ओढून घेते. पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही.

५) आठ-दहा दिवसांत साखर पूर्ण विरघळते. तळाला साखर उरली असेल तर आणखी एक-दोन दिवस थांबावे. मग मलमलीच्या दुहेरी घडीतून गाळावे. साली दाबून पिळू नयेत, आपोआप निथळू द्याव्यात.

६) गरम पाण्याने धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या काचेच्या बाटल्यांत भरून घट्ट बूच लावावे आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे. बाटलीवर भरल्याची तारीख लिहावी.

वरील मापातून साधारण साडेतीन लिटर दाट सरबत मिळते. यालाच बाजारात अमृत कोकम म्हणतात. वाढताना २०० मिलिलिटरच्या पेल्यात ३५ मिलिलिटर सरबत घ्यावे, बाकी थंड पाणी. चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वाढतेवेळीच घालावी, बाटलीत नाही.

ताजे फळ न मिळाल्यास बिनमिठाची सुकी कोकमे १०० ग्रॅम घेऊन १ लिटर गरम पाण्यात चार-पाच तास भिजवावीत, कुस्करून गाळावीत आणि चवीप्रमाणे साखर घालावी. हे सरबत टिकाऊ नाही. त्याच दिवशी संपवावे.

साखरेत काटकसर का नको

अनेक गृहिणींना दुप्पट साखर पाहून धक्का बसतो आणि त्या अर्धीच घालतात. येथेच माल बुडतो. फळाच्या सालीवर आणि हवेत किण्व, म्हणजे यीस्ट, असते. पातळ गोड रस मिळाला की ते वाढते आणि साखरेचे मद्यार्क करते. साखर भरपूर असेल तर त्याला वाढण्यास मोकळे पाणीच मिळत नाही. फळांच्या सरबतासाठी असलेल्या शासकीय मानकातही किमान २५ टक्के रस आणि ६५ टक्के विरघळलेले घन पदार्थ असावेत अशी अट आहे. तिचे कारण हेच.

बाटलीत फेस आला, बूच फुगले किंवा उडाले, आंबूस वास सुटला, तर ते सरबत आंबले असे समजावे. पुन्हा साखर घालून किंवा उकळून ते पाहुण्यांपुढे ठेवणे योग्य नाही. ज्या दस्तरखानावर नशेच्या पदार्थाला जागा नाही, तेथे आंबलेल्या सरबतालाही जागा नाही. ते ओतून द्यावे.

हिशेब

आता रोजमेळ मांडू. भाव गावोगाव आणि वर्षागणिक बदलतात. म्हणून पुढील आकडे केवळ समजुतीसाठी धरले आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातील भाव घालावेत.

रातांबे ४ किलो, ५० रुपये दराने २०० रुपये. साखर ४ किलो, ४५ रुपये दराने १८० रुपये. जिरे-मीठ २० रुपये. पाच बाटल्या, २० रुपये दराने १०० रुपये. एकूण ५०० रुपये. साडेतीन लिटरचे १०० पेले होतात, म्हणजे पेल्याला ५ रुपये.

पण हा हिशेब अपुरा आहे. फळे कापण्यात, गाळण्यात आणि भरण्यात घरातील बाईचे चार तास जातात. त्याचे मोल शून्य धरण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. तासाला ७५ रुपये धरले तर ३०० रुपये होतात आणि पेला ८ रुपयांना पडतो. घरच्या वापरासाठी हा आकडा केवळ माहितीचा आहे. विकायचे असेल तर मात्र याच आकड्यापासून सुरुवात करावी, नाहीतर नफा म्हणून जे दिसते ती बाईची फुकट मजुरी असते.

आता साखरेची काटकसर तपासू. साखर निम्मी केली तर ९० रुपये वाचतात, पेल्यामागे एक रुपयाहूनही कमी. त्यासाठी ८०० रुपयांचा माल आणि ईदच्या दिवशीची अब्रू धोक्यात जाते. कोणताही शहाणा व्यापारी असा सौदा करणार नाही.

पंचवीस माणसांच्या जेवणाला प्रत्येकी दोन पेले धरले तर पावणेदोन लिटर दाट सरबत लागते. म्हणजे मे महिन्यातील एका बरणीत बकरी ईद आणि पुढची रमजान ईद दोन्ही निभावतात.

उरलेल्या मालाचे काय

ताग्याचे उरलेले तुकडे फेकणारा कापडवाला टिकत नाही. येथेही तसेच. गोड झालेल्या साली वाळवून मुलांना खाऊ म्हणून देता येतात. काढलेल्या गरात मीठ घालून रस काढला की आगळ मिळते. सोलकढीला ती लागते. बियांपासून कोकमाचे तेल निघते. ते एरवीही घट्टच असते आणि भेगाळलेल्या पायांना लावतात. घरात तेल काढणे जमत नसेल तर बिया वाळवून विकाव्यात.

विकायचे असल्यास

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली घरी बनवून विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. बाटलीवर नाव, घटक, वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक असावा. रंग घातला असेल तर तसे लिहावे. खरे तर कोकमाला रंगाची गरजच नाही, त्याचा स्वतःचा लाल रंग पुरेसा आहे. माप पूर्ण द्यावे. पहिल्या वर्षी ओळखीच्या घरांपुरतेच बनवावे आणि चार-सहा महिन्यांनी बाटल्या कशा राहिल्या ते विचारावे. माल टिकला असे गिऱ्हाईक स्वतः सांगू लागले की दुसऱ्या वर्षी बरण्या वाढवाव्यात.

दोन सूचना

एक : अशा एका पेल्यात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. मधुमेह असलेल्या पाहुण्यांसाठी बिनमिठाच्या सुक्या कोकमांचे साखर न घातलेले पाणी वेगळे ठेवावे. रक्तदाब असलेल्यांना आगळ देऊ नये, तिच्यात मीठ फार असते.

दोन : ईदच्या पांढऱ्या कुर्त्यावर सरबत सांडले तर लगेच साबण लावू नये. साबणाच्या क्षाराने लाल डाग निळसर होतो. आधी भरपूर थंड पाणी, मग थोडा लिंबाचा रस, आणि डाग फिका झाल्यावर साबण.

रातांबे बाजारात फार थोडे आठवडे असतात. साली, साखर आणि कोरडी बरणी यांची तयारी एप्रिलमध्येच ठेवावी. ज्यांनी पूर्वी कधी केले नसेल त्यांनी १ किलो फळापासून सुरुवात करावी. अर्धा किलो साल, एक किलो साखर. प्रमाण तेच, जोखीम लहान.