डावा कान आणि अँपचा नॉब

बँड पैशांवरून फुटतात असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्यात भांडणं व्हायची ती आवाजावरून. पुण्यातल्या एका तळघरात आमची जॅमरूम होती. खोली एवढीशी, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. (या ट्रेंनी शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज अडत नाही, आतला खणखणाट थोडा कमी होतो इतकंच. तरी सगळेच चिकटवतात.) ड्रमर जोरात वाजवायचा म्हणून मी गिटारचा अँप वाढवायचो, मी वाढवला म्हणून बासवाला वाढवायचा, आणि गायिका बिचारी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. प्रत्येकाची तक्रार तीच: मला माझंच ऐकू येत नाहीये.

घरी जाताना कानात दडे बसलेले असायचे. सकाळपर्यंत ते सुटायचे, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. मग गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमानंतर दडे सुटले, पण डाव्या कानातली बारीक शिट्टी थांबेना. ऑडिओमेट्री केली. आलेखात सगळीकडे रेघ बरी होती आणि ४००० हर्ट्झपाशी खड्डा. मोठ्या आवाजानं कान गेल्याची ही ठरलेली खूण आहे. स्टेजवर ड्रम्स माझ्या डाव्या हाताला असायचे, क्रॅश सिंबल तर कानाशीच. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी माणसात मेल्यावर पुन्हा तयार होत नाहीत. गोळी नाही, ऑपरेशन नाही. 'द हू'चा पीट टाउनशेंड आपल्या कानांबद्दल हे वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत आलाय. आपण त्याचं गिटार फोडणं तेवढं लक्षात ठेवलं.

हिशेब सोपा आहे. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेनं कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रम्स आणि दोन अँप असले की १०० सहज गाठले जातात, आणि सराव तर दोन-तीन तास चालतो.

इअरप्लग वापरा, पण वादकांसाठीचे, फिल्टरवाले. फोमचे बोळे वरचे सूर जास्त दाबतात, मग गिटार रजईत गुंडाळल्यासारखी वाटते आणि हात पुन्हा नॉबकडे जातो. अँप जमिनीवर ठेवू नका. वरचे सूर स्पीकरमधून सरळ पुढे जातात, म्हणजे तुमच्या गुडघ्यांवर. तुम्हाला बोथट ऐकू येतं आणि पहिल्या रांगेतल्याचे कान सोलून निघतात. अँप खुर्चीवर ठेवा, मागे कलता करा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

उरलेली वाजवण्यात मिटवावी लागतात. आवाज खाली आल्यावर आम्हाला आमची गाणी नीट ऐकू आली, आणि त्यात गचडी फार होती. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, बासची ४१. मी सगळीकडे जाड तारांवर पॉवर कॉर्ड ठोकत होतो, म्हणजे बासवाल्याच्या आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताच्या जागेत घुसत होतो. मग जाड तारा सोडून बारीक तीन तारांवर कॉर्ड धरायला लागलो. अंतऱ्यात सरळ गप्प बसायचो. एवढ्या वर्षांच्या स्केल्सच्या रियाजानं जे आलं नव्हतं, ते या गप्प बसण्यात आलं. माझा अँप निम्म्यावर असूनही प्रेक्षक येऊन विचारायला लागले, गिटार कोण वाजवत होतं? लीड मोठा वाजवायचा असतो, हा समज कुठून येतो कोण जाणे.

नव्यानं बँड करणाऱ्यांनो, ऑडिओमेट्री आत्ताच करून आलेख जपून ठेवा, पुढे ताडून बघता येईल. शिट्टी किंवा दडे दुसऱ्या दिवशीही राहिले तर ईएनटीकडे जा. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा, तिथे उशीर महाग पडतो. ड्रमरला काड्यांच्या जुडीचे रॉड्स आणून द्या; स्टिक्सपेक्षा त्यांचा आवाज बराच कमी असतो. तरीही तो ऐकत नसेल, तर दुसरा ड्रमर बघा.