टॅब्लेटवरचा नकाशा आणि खिडकीबाहेरचं आकाश

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आईने घरी घासून घेतलेलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र मनापासून आवडलेला आहे.

माझा मामा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. आठवडाभर नोकरी आणि रविवारी क्लबचं भाड्याचं सेस्ना १७२ विमान! त्याच्याकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे. म्हणजे पगार घेऊन उडवायचं नाही, फक्त हौस. गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याचा जुना आयपॅड मला देऊन गेला. त्यावर वैमानिकांची नकाशाची ॲप्स बघून मी विचारलं, "मामा, यातलं बेस्ट कुठलं?" तो म्हणाला, "अगं, आधी हे सांग, मधेच टॅब्लेट बंद पडला तर तू कुठे आहेस?" तेव्हा मला हसू आलं. पुढचा महिनाभर रूममेटच्या पीसीवर सिम्युलेटर लावून आणि ॲप्सचे फुकटचे ट्रायल वापरून मी जो अभ्यास केला, तो इथे मांडते.

कागदापासून काचेपर्यंत

पूर्वी वैमानिक मांडीवर कागदी नकाशा ठेवून उडायचे. अमेरिकेतल्या या 'सेक्शनल' नकाशाचं प्रमाण १:५,००,००० असतं, म्हणजे एक सेंटिमीटरला पाच किलोमीटर. २०१० मध्ये आयपॅड आला आणि चित्र पालटलं. अमेरिकेची विमान वाहतूक संस्था एफएए खासगी उड्डाणात कागदाऐवजी टॅब्लेट वापरू देते. अट एवढीच की माहिती ताजी हवी, आणि जबाबदारी विमान चालवणाऱ्याची.

एक गोष्ट विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सिमकार्डवाल्या मॉडेलमध्ये असतं. नाहीतर वेगळा रिसीव्हर जोडावा लागतो.

चार ॲप्स

१) फोरफ्लाइट : २००७ मध्ये सुरू झालेली अमेरिकन कंपनी. २०१९ मध्ये बोइंगने ती विकत घेतली आणि २०२५ मध्ये पुन्हा विकली. हे ॲप फक्त आयपॅड आणि आयफोनवर चालतं. यातली मला सर्वात आवडलेली सोय म्हणजे 'पॅक'. मार्ग टाकला की त्या मार्गाला लागणारे नकाशे आणि हवामान उड्डाणाआधीच उतरवून घेतं. समोरची जमीन विमानाच्या उंचीपेक्षा १००० फुटांहून कमी अंतरावर खाली असेल तर पिवळी दिसते, १०० फुटांच्या आत आली की लाल. तोटा म्हणजे बटणं इतकी की पहिले दोन दिवस मी नुसती हरवले होते.

२) गार्मिन पायलट : हे ॲपलवर चालतं आणि अँड्रॉइडवरही. ज्याच्या विमानात आधीच गार्मिनची उपकरणं आहेत, त्याला हे सोपं जातं. टॅब्लेटवर आखलेला मार्ग वायरशिवाय थेट विमानातल्या उपकरणात पाठवता येतो. म्हणजे हवेत पुन्हा टाइप करायला नको, आणि एखादं अक्षर चुकायचा धोकाही कमी.

३) स्कायडीमन : हे ब्रिटिश ॲप आहे, भर युरोपवर. तिथे छोट्या छोट्या देशांचं आकाश नियंत्रित पट्ट्यांमध्ये वाटलेलं असतं आणि परवानगीशिवाय त्यात घुसणं हा गंभीर प्रकार मानतात. स्कायडीमन छापील नकाशाचा फोटो दाखवत नाही, स्वतः नकाशा काढतं. तुम्ही ज्या उंचीवर उडणार तिथे लागू नसलेले पट्टे बाजूला ठेवतं आणि पुढे येणाऱ्या पट्ट्याची आगाऊ सूचना देतं. नवशिक्याला सगळ्यात सोपं मला हेच वाटलं.

४) अव्हेअर : अँड्रॉइडवरचं मोफत, ओपन सोर्स ॲप. नकाशे एफएएचे. दिसायला साधं, पण कामाला चोख. बाकी तिघांना दरवर्षी वर्गणी भरावी लागते. हे आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडणारं!

खरा प्रश्न : माहितीचं वय

इथपर्यंत मी खुशीत होते. मग हवामानाचा रडार नकाशा अभ्यासायला घेतला आणि हादरले.

अमेरिकेत जमिनीवरची केंद्रं एडीएस-बी पद्धतीने ९७८ मेगाहर्ट्झवर रडारचं चित्र मोफत पाठवतात. छोटा रिसीव्हर जोडला की पावसाचे हिरवे-लाल ढग टॅब्लेटवर हजर. पण ते चित्र एका रडारचं नसतं. अनेक रडार आकाश फिरून बघतात, त्यात काही मिनिटं जातात. मग सगळी चित्रं एकत्र शिवली जातात आणि मग वर पाठवली जातात. पडद्यावर जी वेळ दिसते ती शिवणकामाची, ढग बघितल्याची नव्हे. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, जून २०१२ मध्ये इशाराच दिला होता, की खरी माहिती पडद्यावरच्या वयापेक्षा आणखी १५ ते २० मिनिटांनी जुनी असू शकते. त्यासोबत त्यांनी दोन प्राणघातक अपघातांचे दाखले दिले होते.

आपण इंजिनिअरिंगवाले, गणित करून बघू. वादळ ३० नॉट वेगाने सरकतंय, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर. २० मिनिटांत ते १० सागरी मैल पुढे गेलं. मोठ्या वादळापासून २० मैल दूर राहा, असा एफएएचा सल्ला आहे. म्हणजे तुम्ही पडद्यावर बघून काटेकोर २० मैल ठेवलेत, तरी त्यातले निम्मे कदाचित आधीच संपलेले असतात. ॲप कितीही महागडं घ्या, हे गणित बदलत नाही. म्हणून हा नकाशा वादळापासून लांबून वळण्यासाठी वापरायचा, दोन ढगांमधून वाट काढण्यासाठी कधीच नाही.

नकाशांचंही तसंच. अमेरिकेतले सेक्शनल २०२१ पासून दर ५६ दिवसांनी नवे निघतात. उतरवून घ्यायला विसरलात तर कालचा टॉवर तुमच्या नकाशात नसतो.

आणि टॅब्लेट बंद पडला तर?

जुलैतल्या एका दुपारी मामाचा टॅब्लेट उन्हात तापून काळा पडला. बरेच टॅब्लेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात, आणि काचेमागे ऊन म्हणजे भट्टीच. मामाच्या मांडीवर कागदी नकाशा होता आणि शेवटचा तलाव ओलांडल्याची वेळ पेन्सिलने लिहिलेली होती. १०० नॉट वेग, १२ मिनिटं, म्हणजे २० मैल. नकाशावर बोट ठेवलं, खिडकीतून डावीकडे हायवे शोधला, आणि तो होता!

हे ऐकून मी ऐटीत म्हटलं, त्यात काय मोठं. म्हणून रूममेटने एका रात्री सिम्युलेटर चालू असताना माझा टॅब्लेट उचलून गादीखाली टाकला. गेला तासभर मी फक्त पडद्यावरच्या जांभळ्या रेषेमागे जात होते. खालची नदी कुठली, शेवटचं गाव कधी गेलं, काहीच सांगता येईना. पंधरा मिनिटं गोल गोल फिरले आणि शेवटी रीसेट दाबलं. मामाच्या विमानात ते बटण नाही.

थोडक्यात काय, अमेरिकेत आयपॅड असेल तर फोरफ्लाइट, अँड्रॉइड किंवा गार्मिनचं विमान असेल तर गार्मिन पायलट, युरोपात स्कायडीमन, आणि दुसऱ्या खिशातल्या फोनवर जोडीला अव्हेअर. पण कुठलंही घ्या, दर दहा मिनिटांनी खिडकीबाहेर बघा आणि आपण कुठे आहोत ते कागदावर लिहा. आता मी सिम्युलेटरवर बसले की शेजारी पेन्सिल ठेवते. रूममेटचा काही भरवसा नाही!