जुने ऑइल एंजिन तापू लागल्यास

मुळशी तालुक्यात पाऊस विपुल पडतो. तथापि भाताची कापणी आटोपल्यानंतर रब्बीचे पीक, भाजीपाला व उन्हाळी चारा यांना पाणी उचलूनच द्यावे लागते. येथील धरणाच्या पाण्यावर घाटाखाली भिरा येथे १९२७ पासून वीज निर्माण होत आहे. तरीही ऐन पाळीच्या वेळी वीज खंडित झाली म्हणजे शेडमधील जुन्या ऑइल एंजिनाचीच आठवण होते. पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली, आणि पाण्याने थंड होणारी एक सिलिंडरची एंजिने गावोगावी परिचयाची झाली. असे एंजिन नीट राखल्यास दीर्घकाळ सेवा देते. मात्र ते अतिशय तापून पिस्टन अडकला, तर दुरुस्तीचा खर्च तर येतोच, शिवाय पाण्याची पाळी चुकून उभे पीक वाळते.

एंजिन का तापते?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा सुमारे एकतृतीयांश भागच कामी येतो. तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला बहुतांशी पाण्याने वाहून न्यावा लागतो. यासाठी सिलिंडरभोवती पोकळी ठेवलेली असते. कारागीर तिला वॉटर जॅकेट म्हणतात. पंपाच्या फेक-नळातून एक बारीक नळी काढून तिचे पाणी या पोकळीत खालून सोडतात. ते सिलिंडर व हेड यांतून फिरून वरच्या नळीने बाहेर पडते. काही ठिकाणी याऐवजी टाकी जोडलेली असते. तेथे तापलेले पाणी वरच्या नळीने टाकीत चढते व गार पाणी खालच्या नळीने एंजिनात येते. टाकीतील पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली उतरताच हे अभिसरण थांबते, हे ध्यानात ठेवावे.

यावरून दिसून येईल की, तापण्याचे मूळ पुष्कळदा एंजिनाच्या यंत्रभागात नसून पाण्याच्या वाटेत असते. म्हणून हेड खोलण्यापूर्वी ही वाट क्रमाने तपासावी.

तपासणीचा क्रम

१. प्रथम पाण्याचा उगम पाहावा. उन्हाळ्यात नदीतील डोहाची अगर विहिरीची पातळी खाली जाऊन फूट व्हॉल्व्ह उघडा पडतो व पंप हवा ओढतो. पंपाचे पाणी तुटले की एंजिनाचे पाणीही त्याच क्षणी तुटते. जाळीला पालापाचोळा व शेवाळ अडकले असल्यास ते काढावे.

२. नंतर बारीक नळी तपासावी. एंजिन पूर्ण थंड असताना ती एंजिनाच्या बाजूने सोडवावी. एंजिन सुरू करून पंप पाणी फेकू लागताच नळीची धार पाहावी व एंजिन लगेच बंद करावे. धार क्षीण असेल तर अडथळा नळीत किंवा तोटीत आहे. धार जोरदार असूनही नळी जोडल्यावर बाहेर पडणारे पाणी थोडे असेल, तर अडथळा आतल्या पोकळीत आहे, असे समजावे.

३. पोकळीत पावसाळी पाण्याचा गाळ तळाशी बसतो. खालचा बूच काढून, वरच्या नळीतून उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुऊन काढावा. विहिरीचे पाणी जड असल्यास क्षारांचा थर धरतो. हा थर पातळ असला तरी बिडाच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देतो. धुण्याच्या सोड्याचे द्रावण रात्रभर भरून ठेवावे व सकाळी भरपूर पाण्याने पोकळी धुवावी. तेजाबाचा प्रयोग स्वतः करू नये.

४. बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसल्यास फेक-नळाचे पाणीही पाहावे. तेथेही बुडबुडे असतील तर ओढ-नळात हवा शिरत आहे. ते केवळ एंजिनाच्या पाण्यात असतील तर हेडचे गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. वंगण तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. अशा वेळी एंजिन चालवू नये, कारागिरास दाखवावे.

५. पाण्याची वाट निर्दोष असूनही एंजिन तापत असेल, तर वंगण तेलाची पातळी, पट्ट्याचा अवाजवी ताण, पंपाचा जादा भार व इंजेक्टर यांकडे वळावे.

एंजिन तापलेच तर

आवाज बदलणे, वेग मंदावणे, काळा धूर येणे किंवा नळीतून वाफ निघणे ही धोक्याची चिन्हे होत. पाणी चालू असल्यास भार कमी करावा. पाणी तुटले असल्यास एंजिन बंद करावे. तापलेल्या एंजिनावर अगर त्याच्या पोकळीत गार पाणी कदापि ओतू नये, कारण बीड एकाएकी आकसून हेडला तडा जातो. एंजिन आपोआप थंड होऊ द्यावे. मग डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडलने हळूच फिरवून पाहावे. ते मोकळे फिरत नसेल तर जोर करू नये.

फार थंड एंजिनही वाईटच

तोटी पूर्ण उघडी ठेवून एंजिन गारेगार चालविण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती हितकर नाही. थंड सिलिंडरात डिझेल पुरते जळत नाही. न जळालेले डिझेल सिलिंडरवरील वंगण धुऊन काढते, आणि इंधनातील गंधकापासून आम्ल तयार होऊन धातू झिजतो. खर्च वाढतो तो निराळाच. बाहेर पडणारे पाणी सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअस असावे. उष्णतामापक लावल्यास उत्तम. नसल्यास नळीला बाहेरून बोट क्षणभर लावता यावे, परंतु ठेववू नये, इतपत उष्णता योग्य समजावी. त्याप्रमाणे तोटी कमीजास्त करावी.

हंगाम संपताच पोकळीतील पाणी पूर्ण काढून टाकावे, म्हणजे गंज धरणार नाही. माघ-फाल्गुनात, पाण्याची निकड लागण्यापूर्वीच, वरील क्रमाने एकदा तपासणी करावी. पिकाला पाणी देणाऱ्या एंजिनाला स्वतःचे पाणी मिळते की नाही, हे पाहण्यास सकाळचा एक तास पुरतो.