पल्हवांच्या देशात : तुर्कमेनिस्तानचे वाळवंट आणि मर्वचा स्तूप



अभ्यासवर्गात नकाशा उघडला की आपले बोट सारनाथवरून बोधगयेला जाते, तिथून श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, चीन, जपान असे पूर्वेकडे सरकत राहते. पश्चिमेकडे ते फारसे जात नाही. वास्तविक महावंसात, पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर धम्मप्रचारासाठी पाठविलेल्या थेरांची जी यादी आहे, तीत महारट्ठाला महाधम्मरक्खित आणि योनांच्या देशाला महारक्खित अशी नावे एकाच ठिकाणी येतात. म्हणजे महाराष्ट्राकडे आणि वायव्येच्या ग्रीकांकडे धम्म एकाच मोहिमेत निघाला, असे परंपरा सांगते. त्या वायव्येच्याही पलीकडे, अफगाणिस्तान व इराण यांच्या उत्तरेला तुर्कमेनिस्तान नावाचा देश आहे. प्रस्तुत लेखात आपण नकाशावर बोट ठेवून त्या देशातून प्रवास करणार आहोत.

देश अगदीच अनोळखी नाही. त्याच्या जुन्या रहिवाशांचे नाव आपल्याच कातळात कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षाचा मोठा प्राकृत लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने ते लेणे भदायनीय भिक्खुसंघाला दान दिले, त्याचा तो लेख. त्यात तिने आपल्या मुलाचे वर्णन शक, यवन आणि पल्हव यांचा निःपात करणारा असे केले आहे. यातले पल्हव म्हणजे पार्थियन. गौतमीपुत्राच्या काळात ते सिंध-सौराष्ट्रापर्यंत उतरलेले होते. पण त्यांच्या सत्तेची मूळ भूमी आजच्या तुर्कमेनिस्तानात होती. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यास अर्शक नावाच्या पुढाऱ्याने तिथे राज्य उभारले आणि त्याच्या वंशाने पुढे इ. स. २२४ पर्यंत इराणवर सत्ता गाजविली.

प्रवासाची सुरुवात राजधानी अश्गाबादपासून करू. ६ ऑक्टोबर १९४८ च्या भूकंपात हे शहर जवळजवळ संपूर्ण कोसळले. आज तिथे पांढऱ्या संगमरवराच्या इमारतींच्या रांगा आहेत. देश २७ ऑक्टोबर १९९१ रोजी सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ९० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक; आणि लोकसंख्या सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे ७० लाख! कारण उघड आहे. दोन तृतीयांशाहून अधिक भूमी काराकुम वाळवंटाने व्यापली आहे. काराकुम म्हणजे काळी वाळू. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून जाणाऱ्याने एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडावा. शिवाय तिथे नुसते तिकीट काढून जाता येत नाही. पर्यटकाला तिथल्या प्रवासी संस्थेमार्फत निमंत्रणपत्र मिळवावे लागते व मार्गदर्शकाबरोबर फिरावे लागते, अशी पद्धत बरीच वर्षे आहे; नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी वकिलातीत विचारून घ्यावे. जाणारे पुष्कळसे लोक दरवाझा येथील जळत्या वायूचा खड्डा पाहण्यासाठी जातात. तो आपला विषय नाही.

अश्गाबादच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर निसा आहे, अर्शकवंशीयांचा जुना किल्ला. २००७ साली तो जागतिक वारसा यादीत गेला. येथे शाईने लिहिलेल्या दोन हजारांहून अधिक खापऱ्या सापडल्या. राजवाड्याच्या कोठारात कोणत्या मळ्यातून किती द्राक्षमद्य आले याचा तो हिशेब आहे! हे लोक केवळ घोडेस्वार लढवय्ये नव्हते, जमाखर्च ठेवणारे होते, एवढे त्यावरून कळते. पुढच्या गोष्टीसाठी हे ध्यानात असू द्यावे.

अभ्यासवर्गात एका मुलीने विचारले होते, "सर, एवढ्या लांब धम्म नेला तो भिक्खूंनीच ना?" मी तेव्हा होय म्हणालो. ते उत्तर अर्धेच होते.

इ. स. १४८ मध्ये चीनच्या लोयांग या राजधानीत पार्थियातून एक भिक्खू आला. अर्शक या राजवंशाच्या नावावरून चिनी लोक त्या देशाला 'आन्शी' म्हणत, आणि तिकडून आलेल्याच्या नावापुढे 'आन्' लावीत. म्हणून हा आन् शिकाव. राजपुत्र असून त्याने गादी सोडली, असे चिनी परंपरा सांगते. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांत नावानिशी ठाऊक असलेला हा अगदी पहिल्या पिढीतला पुरुष होय. त्याने भाषांतरासाठी निवडलेल्या विषयांत आनापानसती, म्हणजे श्वास-प्रश्वासाची स्मृती, ठळकपणे आहे. इगतपुरीला दहा दिवस बसून आलेल्या आपल्या सभासदांनी हे नाव लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

पण मला अधिक जवळचा वाटतो तो दुसरा, आन् शुआन. हा इ. स. १८१ मध्ये लोयांगला आला तो व्यापारी म्हणून. त्याने चीवर घेतले नव्हते; तो उपासक होता, घरसंसारी वर्गातला माणूस. दिवसभराचा व्यवहार सांभाळून तो भिक्खूंशी धम्मचर्चा करी. यान् फोथ्याव या चिनी सहकाऱ्याबरोबर त्याने एका ग्रंथाचे भाषांतर केले: आन् शुआन तोंडी अर्थ सांगे, दुसरा लिहून घेई. तो ग्रंथ म्हणजे उग्रपरिपृच्छा. उग्र नावाचा गृहपती भगवंतांना विचारतो की, घरात राहणाऱ्याने कसे वागावे. बाजारात माल विकणाऱ्या माणसाने भाषांतरासाठी नेमका गृहस्थाचा ग्रंथ हाती घ्यावा! आपल्याकडे पितळखोऱ्याच्या खांबांवर पैठणच्या मित्रदेव नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान कोरलेले आहे. पैठणचा गंधिक आणि पार्थियाचा व्यापारी एकमेकांना भेटले नसतील; काळही एक नाही. परंतु धम्माचे ओझे वाहणारा खांदा एकाच जातीचा होता. (जात हा शब्द येथे जुन्या, निरुपद्रवी अर्थाने!)

आता पूर्वेकडे निघू. अश्गाबादहून मारी हे शहर साधारण साडेतीनशे किलोमीटर. एका बाजूला कोपेतदाग डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळू. वाटेत जो हिरवा पट्टा दिसतो तो मुख्यतः काराकुम कालव्याचा. १९५४ साली काम सुरू झालेला हा कालवा अमुदर्या नदीचे पाणी हजार किलोमीटरहून अधिक दूर नेतो. त्यावर कापूस पिकतो. पण नद्यांचे पाणी असे वळविल्यामुळेच तिकडे अरल समुद्र आटला. आपल्या मराठवाड्याला पाण्याचे गणित शिकवावे लागत नाही. चहाच्या दुकानात हिरवा चहा मिळेल आणि तंदुरात भाजलेली 'चोरेक' नावाची जाड भाकर. ती ताटात उलटी ठेवू नये, तो अन्नाचा अपमान मानतात.

मारीपासून तीसेक किलोमीटरवर बैराम-अली गाव आणि त्याला लागून जुने मर्व. अफगाणिस्तानातून आलेली मुर्गाब नदी येथे वाळूत जिरून संपते. तिच्या शेवटच्या पाण्यावर हे शहर दोन हजार वर्षे जगले. १२२१ साली मंगोल सैन्याने ते उद्ध्वस्त केले. १९९९ पासून ते जागतिक वारसा आहे. येथील एका तटबंदीच्या आत, आग्नेय कोपऱ्याकडे, एक मातीचे टेकाड आहे. तो स्तूप. आजवर ठाऊक असलेल्या स्तूपांत सर्वांत पश्चिमेकडील म्हणून त्याची गणना होते. (इजिप्तमध्ये बेरेनिके बंदरात २०२२ साली बुद्धमूर्ती सापडली आहे, पण ती मूर्ती.) बांधणीच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत, जुने संशोधक तो दुसऱ्या शतकाइतका मागे नेत, पुढच्यांचा कल त्यानंतरच्या शतकांकडे आहे.

अजिंठा पाहिलेल्या माणसाची येथे निराशा होईल. आपल्याकडे कातळ होता म्हणून लेणी टिकली. तिथे दगड नाही. सारे बांधकाम कच्च्या विटांचे. आपल्या करमाड परिसरातही पांढऱ्या मातीचे जुने वाडे दरवर्षी लिंपले नाहीत तर दहा पावसाळ्यांत ढासळतात, आणि ओसाड गावाच्या जागी पांढरीचे टेकाड उरते. मर्वचा स्तूप तसा पांढरीत गेला आहे.

त्या तटबंदीला लोक ग्याउर-कला म्हणतात. अर्थ, काफिरांचा किल्ला. कोण राहत होते, काय मानीत होते, हे विसरले गेले आणि 'आपले नसलेले' एवढीच ओळख उरली. याचा राग धरण्याचे कारण नाही. नाशिकचे ते लेणे, ज्याच्या भिंतीवर दात्रीचे नाव, पुत्राचे नाव, संघाचे नाव, वर्ष, सारे स्पष्ट कोरलेले आहे, त्या डोंगराला आपण पिढ्यान् पिढ्या पांडवलेणी म्हणत आलो. अक्षरे होती, वाचणारा नव्हता. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मी लिपी पुन्हा वाचली गेली तेव्हा गौतमी बलश्री परत आली. अभ्यासवर्गातील मुलांनी ब्राह्मीची मुळाक्षरे शिकावीत, असा आग्रह मी का धरतो ते यावरून लक्षात येईल. महिनाभराचे काम आहे.

मर्वलाही वाचायला काही उरले, ते मडक्यांत. १९६६ साली बैराम-अलीजवळ एका टेकाडाची सपाटी चालू असताना मातीचे मडके निघाले. त्यात भूर्जपत्रांची सुमारे दीडशे पाने होती. भाषा संस्कृत, लिपी ब्राह्मी, संप्रदाय सर्वास्तिवाद. रशियन विदुषी वोरोब्योवा-देस्यातोव्स्काया यांनी ती वाचून प्रसिद्ध केली. विनयाच्या नियमांबरोबर त्यात अवदान व जातककथा आहेत, त्याही पूर्ण नव्हेत, थोडक्यात. आपले बौद्धाचार्य प्रवचनासाठी वहीत टिपणे काढून ठेवतात, तशीच ती वाटतात. कथा माहीत होती; फक्त बोलताना आठवण राहावी म्हणून लिहिलेली.

त्याआधी, १९६० नंतरच्या उत्खननात, प्रत्यक्ष स्तूपातून एक मोठे मातीचे बुद्धमस्तक आणि एक रंगीत कुंभ मिळाला होता. कुंभातही भूर्जपत्रे होती. हा कुंभ अश्गाबादच्या संग्रहालयात आहे. परतीच्या दिवशी तो अवश्य पाहावा. तो मुळात धम्मकार्यासाठी केलेला दिसत नाही. त्याच्यावर एका सरदाराचे आयुष्य रंगविले आहे. एका बाजूला तो पत्नीसह मेजवानीला बसला आहे, पुढे घोड्यावरून शिकार करतो आहे, नंतर अंथरुणाला खिळला आहे, आणि शेवटी त्याची प्रेतयात्रा निघाली आहे. असे भांडे कोणा घरातून विहारात आले असावे, आणि ग्रंथ ठेवायला कोणीतरी नेमके तेच निवडले.