वाळूवरील प्रार्थनामंदिर

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यापासून जवळच, कॅरिबियन समुद्रात, क्युरासाओ नावाचे एक लहानसे बेट आहे. विलेमस्टाड ही त्याची राजधानी. तेथील पुंडा या जुन्या पेठेत पिवळ्या भिंतींची एक वास्तू उभी आहे. हे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर, म्हणजेच सिनेगॉग होय. १७३२ साली बांधलेले हे मंदिर आजही उपयोगात आहे. अखंड वापरात असलेले अमेरिकेच्या भूमीवरील सर्वांत जुने सिनेगॉग म्हणून त्याची ख्याती आहे.

आत पाऊल टाकताच पाहुणा क्षणभर थबकतो. डोक्यावर पितळेची झुंबरे, सभोवार महोगनी लाकडाचे सुबक काम. आणि पायांखाली मात्र मऊ वाळू! एवढ्या वैभवशाली मंदिरास फरसबंदी का बरे नसावी?

याचे उत्तर ज्यू लोकांच्या इतिहासात सापडते. १४९२ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना धर्मांतर किंवा देशत्याग यांपैकी एक पत्करावयास लावले. पाच वर्षांनी पोर्तुगालमध्येही त्यांच्यावर सक्तीचे धर्मांतर लादले गेले. अनेकांनी वरकरणी नवा धर्म स्वीकारला. परंतु घराची दारे लावून ते आपल्या पूर्वजांची प्रार्थना करीत राहिले. पकडले गेल्यास प्राणांशी गाठ! पावलांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते जमिनीवर वाळू पसरीत, असे परंपरा सांगते. मिसर देशातील दास्यातून सुटल्यावर पूर्वजांनी ज्या वाळवंटात चाळीस वर्षे भ्रमण केले, त्याचेही ही वाळू स्मरण देते.

पुढे या लोकांच्या वंशजांना हॉलंडमध्ये आश्रय मिळाला. १६३४ मध्ये डचांनी क्युरासाओ जिंकले आणि १६५१ मध्ये तेथे ज्यूंची मंडळी स्थापन झाली. अठराव्या शतकात व्यापारामुळे तिची भरभराट झाली. मात्र १८६४ मध्ये उपासनेच्या रीतींवरून तिच्यात फूट पडली. सुधारणावाद्यांनी आपले निराळे मंदिर उभारले. कालांतराने दोन्ही पक्षांची संख्या रोडावली. अखेर शंभर वर्षांनी, १९६४ मध्ये, दुरावलेली भावंडे पुन्हा एकत्र आली. जुन्याच मंदिरात दोघांची प्रार्थना सुरू झाली आणि दोन्ही मंडळींची नावे जोडून 'मिकवे इस्राएल-इमॅन्युएल' असे नाव ठेवण्यात आले.

आज ही मंडळी अगदी लहान आहे. तेथे आता कोणालाही पाऊल दडवावे लागत नाही. तरीही वाळू हलविलेली नाही. मुलांनो, स्वातंत्र्य लाभल्यावर भीतीचे दिवस विसरणे सोपे असते. ते ध्यानी ठेवणाऱ्यासच स्वातंत्र्याचे खरे मोल कळते.

स्वाध्याय

१. मंदिरात वाळू पसरण्याची कोणती दोन कारणे परंपरेने सांगितली जातात?
२. 'दुरावलेली भावंडे' असे कोणास म्हटले आहे? का?
३. 'प्राणांशी गाठ असणे' या वाक्प्रचाराचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.