नौदलाचे निशाण : खूण आणि अर्थ

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

बालाघाट जिल्ह्यातील बिरसा हे माझे गाव समुद्रापासून फार दूर. तेथे ध्वज पाहायचा तो शाळेच्या पटांगणावर, खांबाजवळ उभे राहून. जहाजावरचे निशाण मात्र दुरून, वाऱ्यात फडफडत असतानाच ओळखावे लागते. म्हणून त्याच्या अंगी दोन गुण हवेत : ते आपले असावे आणि ते दिसावे. भारतीय नौदलाच्या निशाणाचा इतिहास म्हणजे या दोन गुणांचा मेळ घालण्याचा इतिहास होय.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्या युद्धनौकांवर ब्रिटिश नौदलाचे पांढरे निशाण असे. त्यावर तांबडा क्रूस आणि वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक. हा क्रूस इंग्लंडचा संरक्षक मानल्या गेलेल्या संत जॉर्जचा. २६ जानेवारी १९५० रोजी कोपऱ्यात तिरंगा आला; क्रूस मात्र राहिला. २००१ साली तो काढून नौदलाचे निळे बोधचिन्ह घातले गेले. हेतू योग्य होता. परंतु ती निळी खूण आकाश व समुद्राच्या निळाईत हरवते, अशी तक्रार आली. परिणामी २००४ साली क्रूस परतला, मध्यभागी राष्ट्रचिन्ह घेऊन. २०१४ साली त्याखाली 'सत्यमेव जयते' ही अक्षरे आली.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. मालावरची छाप गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारातून ओळखता आली नाही, तर तिचा अर्थ कितीही उदात्त असो, ती निरुपयोगीच.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नव्या निशाणाचे अनावरण झाले आणि क्रूस पुन्हा गेला. कोपऱ्यात तिरंगा आहेच. उजवीकडे निळा अष्टकोन असून त्याला सोनेरी दुहेरी कड आहे. आत राष्ट्रचिन्ह, नांगर आणि वरुणाकडे कल्याण मागणारे नौदलाचे बोधवाक्य. आठ बाजू म्हणजे आठ दिशा. निळा रंग परत आला खरा, परंतु आता भरीव आकारात आणि सोन्याच्या कडेत.

हा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. ही निवड मला विशेष अर्थपूर्ण वाटते. मुद्रा हीदेखील ओळख पटवण्याचीच वस्तू. दख्खनेत फारसी मुद्रांचा प्रघात असताना महाराजांनी संस्कृत मुद्रा वापरली. पुढे आरमार उभारले आणि १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला. कागदावरची ती ओळख आज समुद्रावर आली आहे.

तथापि परकी खूण ठेवणे म्हणजे नेहमीच लाचारी, असे मानू नये. पॅसिफिक महासागरातील न्यूए या चिमुकल्या बेटाने १९७५ साली स्वीकारलेल्या पिवळ्या ध्वजावर युनियन जॅक आहे. तेथील राजांनी व प्रमुखांनी स्वतःहून ब्रिटिश संरक्षण मागितले होते, त्याची ती आठवण. पिवळा रंग बेटावरच्या उन्हाचा आणि न्यूझीलंडविषयीच्या जिव्हाळ्याचा. तेथे जुनी खूण आपखुशीने ठेवली. आपण ती विचारपूर्वक काढली. प्रश्न खुणेच्या जन्मस्थानाचा नसून ती कोणी निवडली याचा आहे.

मराठीत आपण 'बावटा' म्हणतो, कन्नडमध्ये 'बावुट'. शब्द सीमा ओलांडून गेला, तरी दोन्ही भाषांना तो आपलाच वाटतो. निशाणाचेही असेच आहे. ते आपले ठरते ते आपण समजून उमजून हाती धरल्यावर.