ग्रंथालयाचा ब्लॉग आणि मुलांची खाती

प्रश्न : मुलांनी वाचलेल्या पुस्तकांवर लिहावे म्हणून शाळेच्या ग्रंथालयाचा ब्लॉग काढण्याचा विचार आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाचे खाते उघडावे लागेल, या कल्पनेने पालक धास्तावले आहेत. काय करावे?
– एक शिक्षिका, उकवा (जि. बालाघाट)

उत्तर : बाई, पालकांची काळजी रास्त आहे, परंतु ब्लॉगसाठी प्रत्येक मुलाचे खाते हवेच, हा समज प्रथम दूर करावा. खाते एकच, शाळेच्या नावाचे व आपल्या ताब्यातले असावे. मुलांनी वहीत लिहावे, आपण तपासून चढवावे, आणि खाली केवळ ‘इयत्ता सातवी’ एवढाच निर्देश असावा. छायाचित्र व आडनाव नको. आलेले अभिप्राय आपल्या मंजुरीवाचून प्रसिद्ध होऊ नयेत, अशी तजवीज ब्लॉगच्या सेटिंगमध्ये असते. ती पहिल्याच दिवशी करावी.

ब्लॉगऐवजी व्हॉट्सॲपचा गट मुलांसाठी काढणे मला पसंत नाही, कारण तेथे प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक इतरांस उघड होतो. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातली आहे. म्हणून खाते शाळेचे असले तरी लेखी संमती दप्तरी ठेवावी.

विषय पुस्तकांपुरताच का असावा? उकव्याच्या मँगनीज खाणीत राबलेल्या आजोबांकडून ऐकलेली कामाची हकिकत नातवाने घरच्या बोलीत लिहिली, तर तसा मजकूर कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, आणि तो लिहून घेण्याची उत्कंठा मला फार वाटते. मात्र आजोबांचीही परवानगी घ्यावी. नेट बंद असेल त्या आठवड्यात तोच मजकूर ग्रंथालयातील भित्तिपत्रकावर लावावा.